दिवाळीत फटाके विकायला परवाना लागत नाही, हे खरे नाही

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की नागपुरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि वस्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: सणाच्या दिवसांत लहान दुकानदाराला फटाके विकण्यासाठी परवाना लागत नाही, महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र असले की पुरे, ग्रीन (कमी प्रदूषण करणारे) फटाके स्फोटक समजले जात नाहीत, उरलेला माल घरी, माळ्यावर किंवा जिन्याखाली ठेवायला हरकत नाही, फक्त वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे जवळ असावे, आणि कोणी अडवलेच तर हा संदेश दाखवावा. यातले एकही विधान बरोबर नाही, आणि त्यातली दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

पहिले विधान परवान्याचे. फटाके हे स्फोटके अधिनियम, १८८४ आणि स्फोटके नियम, २००८ यांच्या कक्षेत येतात, आणि ते विक्रीसाठी बाळगायला परवाना लागतो. दुकान लहान आहे किंवा चारच दिवस चालणार आहे, म्हणून तो माफ होत नाही. उलट, सणापुरत्या थाटल्या जाणाऱ्या दुकानांसाठी या नियमांत तात्पुरत्या परवान्याची वेगळी तरतूदच केलेली आहे. गैरसमजाचे मूळ बहुधा दुसऱ्याच एका सवलतीत असावे. एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी मर्यादित फटाके घरात आणले, तर त्याला परवाना काढावा लागत नाही. ही सूट वापरणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. घरापुढे टेबल मांडून, किराणा किंवा पूजासाहित्याच्या दुकानात एक फळी मोकळी करून जो फटाके विकतो, तो कायद्याच्या दृष्टीने विक्रेताच असतो.

ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे परवाना, हा समज तर चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही बोलण्यात आढळतो. अग्निशमन विभाग जागेची पाहणी करून आपली हरकत नसल्याचे कळवतो, आणि ते पत्र परवान्याच्या अर्जाला जोडायचे असते. परवाना देणारा अधिकारी वेगळा असतो. जेथे पोलीस आयुक्त नेमलेले आहेत, तेथे या अधिनियमातील ‘जिल्हा दंडाधिकारी’ या शब्दाचा अर्थ पोलीस आयुक्त असा होतो. म्हणून नागपूर शहरातल्या विक्रेत्याला पोलीस आयुक्तालयाकडे जावे लागते, आणि काटोल, उमरेड किंवा रामटेकच्या विक्रेत्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे. साठा मोठा असेल, तर प्रकरण पेट्रोलियम तथा स्फोटके सुरक्षा संघटनेच्या नियंत्रकाकडे जाते. या संघटनेचे देशाचे मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. ज्या शहरात देशभरच्या स्फोटकांच्या सुरक्षेचा कारभार पाहिला जातो, त्याच शहरात हा संदेश इतक्या सहज खपावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्रीन फटाक्यांबद्दलचे विधानही नागपूरशी जोडलेले आहे, कारण ते फटाके विकसित करण्यात पुढाकार घेणारी नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) ही संस्था इथलीच. त्यांच्या रचनेत राख आणि धूर यांचे प्रमाण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा सुमारे ३० टक्के किंवा त्याहून अधिक कमी व्हावे आणि बेरियमची संयुगे टाळली जावीत, हा उद्देश होता. ही सुधारणा हवेपुरती आहे. फटाका उडतो तो आतल्या इंधनामुळे आणि त्याला प्राणवायू पुरवणाऱ्या रसायनामुळे, आणि ही जोडी ग्रीन फटाक्यातही असतेच. ती नसती तर तो उडालाच नसता. म्हणून त्याची साठवण आणि विक्री त्याच नियमांनी बांधलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या ज्या निकालामुळे ‘ग्रीन फटाके’ हा शब्द घरोघरी पोहोचला, त्याच निकालाने विक्री केवळ परवानाधारक व्यापाऱ्यांमार्फतच व्हावी असे बजावले, ऑनलाइन विक्री थांबवली आणि लांबलचक माळांवर बंदी घातली. त्या निकालाचा आधार घेऊन परवान्यातून सूट मागणे म्हणजे निकाल न वाचता त्याचे नाव पुढे करणे होय.

आता घरातला साठा आणि वाळूची बादली. संदेशातला हा भाग सर्वांत घातक आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. लाकूड, कापड किंवा कागद पेटला, तर त्यावर वाळू टाकून आपण हवा तोडतो आणि आग विझते. फटाक्याच्या दारूत प्राणवायूचा पुरवठा करणारे पोटॅशियम नायट्रेटसारखे रसायन आधीच मिसळलेले असते. बाहेरची हवा तोडली तरी आतले जळणे थांबत नाही, आणि एक खोके पेटले की त्यातून उडालेली ठिणगी, भुईचक्र किंवा रॉकेट दुसऱ्या खोक्यापर्यंत जाऊन पोहोचते. वाळू आणि अग्निशामक ठेवावेच; शेजारचा पडदा किंवा पुठ्ठा पेटला, तर तेवढ्यापुरते ते उपयोगी पडतात. पेटलेल्या साठ्यापुढे मात्र माणसाने करण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे बाहेर पळणे.

नियमांतले आकडे या एका वस्तुस्थितीतून आलेले आहेत. आग विझवता येत नसेल, तर ती पसरू नये आणि माणूस बाहेर पडू शकावा, एवढेच हाती राहते. तात्पुरते दुकान न पेटणाऱ्या साहित्याचे आणि बंदिस्त असावे. दोन दुकानांत किमान ३ मीटर आणि नियमांनी संरक्षित ठरवलेल्या (घरे, शाळा, रुग्णालये अशा) इमारतींपासून ५० मीटर अंतर असावे. दुकाने समोरासमोर नसावीत, कारण एका दुकानातून सुटलेला बाण समोरच्या दुकानातच शिरतो. एका समूहात ५० पेक्षा जास्त दुकाने नसावीत. दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवून दाखवू नयेत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, लोंबती वायर चालत नाही, आणि दुकानांच्या प्रत्येक ओळीला एक मुख्य स्विच असावा लागतो. समई, कंदील, गॅसबत्ती यांना तेथे जागा नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानातच निरांजन लावणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

कायमस्वरूपी दुकानाच्या अटी याहून कडक आहेत. ते विटा, दगड किंवा काँक्रीटचे, तळमजल्यावर, इमारतीच्या इतर भागांपासून भक्कम भिंतीने वेगळे केलेले, ९ ते २५ चौरस मीटर क्षेत्राचे असावे. त्याला मोकळ्या जागेत उघडणारे स्वतंत्र प्रवेशद्वार आणि आपत्कालीन मार्ग असावा, आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत. ही शेवटची अट क्षुल्लक वाटते. पण घाबरलेली चार माणसे आत उघडणाऱ्या दारावर एकदम रेटली, की ते दार उघडतच नाही. तळघर नको, पोटमाळा नको, वर राहती घरे नकोत, जिना किंवा लिफ्ट शेजारी नको. संदेशात सुचवलेल्या तिन्ही जागा यात बसत नाहीत. मी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या एका वाड्यात वाढलो. खालचा दुकानदार दर दिवाळीत आमच्या एकुलत्या एका जिन्याखाली फटाक्यांची खोकी रचायचा, आणि वर राहणारी सहा कुटुंबे त्यांच्या शेजारून पणत्या घेऊन ये-जा करत. काही घडले नाही, हे आमचे नशीब. शहरातल्या इतवारी भागाच्या बोळांत आजही अशी घरे आहेत, आणि तेथे अग्निशमनाचा बंब दारापर्यंत पोहोचणेही कठीण असते.

“अपघात कारखान्यांत होतात, दुकानांत नाही,” असे या संदेशाखाली हमखास कोणीतरी लिहिते. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार ओळीच्या ओळी जळून खाक झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरूजवळच्या अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकान-गोदामाला लागलेल्या आगीत दहाहून अधिक कामगार गेले. १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातेतल्या डीसा येथे फटाक्यांच्या गोदामात झालेल्या स्फोटात २१ जणांचा मृत्यू झाला.

राहिली ती “हा संदेश दाखवा” ही सूचना. तपासणीला आलेला अधिकारी मागतो तो परवाना. त्यावर जागा, मुदत आणि मालाची कमाल मर्यादा नमूद असते. त्याच्याशी समोरची जागा आणि प्रत्यक्षातली खोकी ताडून पाहिली जातात. परवान्याविना साठा सापडला, तर माल जप्त होतो आणि अधिनियमाखाली विक्रेत्यावर खटला भरता येतो. ज्याने संदेश पुढे पाठवला, त्याचे नाव त्या पंचनाम्यात कोठेही येत नाही.