नास्तिकाला कामं फार

आमच्या घरात मी नास्तिक आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा कुणालाही काडीचा त्रास नाही, हाच माझा मुख्य त्रास आहे.

लग्नाआधी मी जय्यत तयारी केली होती. साड्यांची नव्हे, मुद्द्यांची. चार्वाकापासून ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलपर्यंत सगळं जिभेवर. सांख्य दर्शन आस्तिक गणलं जातं तरी त्याचं ईश्वरावाचून अडत नाही, मीमांसकांना यज्ञ हवा पण जगाचा कर्ता नको, अशी हुकमाची पानंही हातात होती. सासरी देवावरून वाद पेटेल, कुणीतरी ताडकन उठेल, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल आणि मी आवाज न चढवता जिंकेन, असं माझं स्वप्न. पहिल्याच श्रावणात धीर करून सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्हाला एक सांगायचं होतं. माझा देवावर विश्वास नाही."

त्या पुरणासाठी डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं. तो नारळ तेवढा खवून घे."

तेव्हापासून मी खवतेय.

नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकाची चव बघायची नाही, हा या घरचा नियम. त्यामुळे सणाच्या दिवशी आमटीतलं मीठ हा निव्वळ श्रद्धेचा विषय असायचा. एका गौरीजेवणाला सासूबाई पातेल्यापाशी बराच वेळ घुटमळल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तू मानत नाहीस ना गं?"

मला वाटलं, आली वेळ. पदर खोचला आणि ठणकावून म्हटलं, "नाही मानत."

"मग जरा मीठ बघ."

"अहो आई, पण उष्टं नाही का होणार?"

"तू मानत नाहीस ना? मग तुझं कसलं उष्टं?"

या युक्तिवादावर रसेलकडे उत्तर नाही. मी शोधलंय.

त्या दिवसापासून घराला माझी खरी किंमत कळली. मांजर आडवं गेलं की दीर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतात आणि मागे बघून म्हणतात, "वहिनी, तुम्ही जरा उतरून पुढे व्हा." शनिवारी तेल संपलं की पिशवी माझ्या हातात. पितृपंधरवड्यात दुकानं ओस असतात, दुकानदार घासाघीस ऐकून घेतो, पण घेणाऱ्याचे हात बांधलेले. म्हणून आमचा फ्रीज, वॉशिंग मशीन आणि जावेचा मिक्सर या सगळ्यांच्या पावत्या माझ्या नावावर आहेत. दिरांनी फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरने सर्वपित्री अमावास्येपर्यंतच सूट देऊ केली होती. टोकनचा चेक वहिनींच्या हातून गेला. वास्तुशांत मात्र मुहूर्त बघून झाली, आणि तिथेही मीठ मीच बघितलं.

आगरकरांची पुण्यात लोकांनी ते हयात असताना प्रेतयात्रा काढली होती. मला लाडू वळायला बसवतात. प्रगती नाही असं कोण म्हणेल?

वाद घालायला म्हणून फक्त नाना मिळतात. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, निवृत्त इंजिनीअर. त्यांची सुरुवात ठरलेली. "मूर्तीबिर्ती मीही मानत नाही हो, पण काहीतरी शक्ती आहे ना?" ही 'काहीतरी शक्ती' फार सोयीची. तिला हात नाहीत, पाय नाहीत, मत नाही. ती फक्त असते. "ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही," नाना बोट वर करतात. "थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम. आता सांगा, आत्म्याचं गीतेत वेगळं काय वर्णन आहे?"

"नाना, ऊर्जा नवसाला पावत नाही."

"पावते. भाव पाहिजे."

मग मी 21 सप्टेंबर 1995 काढते. त्या दिवशी देशभरातले गणपती दूध प्यायले. मी तेव्हा शाळेत होते. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत चहालासुद्धा दूध उरलं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी स्टीलच्या पेल्याच्या कडेला दुधाचा चमचा टेकवला आणि पेला ते प्यायला. पृष्ठताणाने दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि इतक्या पातळ ओघळाने खाली उतरतं की पांढऱ्या मूर्तीवर दिसतच नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तो ओघळ लोकांना दाखवलासुद्धा. मी घरी येऊन आईसमोर पेल्याला दूध पाजलं. आई भारावून बघत राहिली. म्हणाली, "खांबातून निघाला, तर पेल्यात का नसेल?"

नाना हे ऐकून खूश होतात आणि वर विचारतात, "पृष्ठताण कुणी केला?"

इथे मी पाणी प्यायला उठते.

शेजारच्या काकूंचं वेगळं. त्यांना देवाचं असणं-नसणं सिद्ध करण्यात रस नाही. त्या हिशेब मांडतात. "नसला तर काय, दोन उदबत्त्या वाया गेल्या. पण असला तर?" सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हाच डाव मांडला होता. काकूंनी पास्कल वाचलेला नाही. त्या रिकरिंग डिपॉझिटवरून इथवर आल्या आहेत. नेमका कोणता देव निघेल ते ठाऊक नसताना हप्ते कुठे भरायचे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "म्हणून तर मी सगळीकडे थोडं थोडं भरते." त्यांच्या देव्हाऱ्यात दत्त, साईबाबा, बालाजी आणि वेलंकनी माता आहेत. गणिताच्या दृष्टीने हे पास्कलपेक्षा सरस आहे.

सगळ्यांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे साठी. "साठी येऊ दे, मग बघू." जणू साठीला पेन्शनबरोबर देवही घरपोच येतो. आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षीच गेले, त्यामुळे त्यांच्यावर हा प्रयोग करता आला नाही. पण डॉ. श्रीराम लागू ब्याण्णव वर्षं जगले आणि परमेश्वराला निवृत्त करा हे त्यांचं म्हणणं काही निवृत्त झालं नाही. त्यावर नानांचं उत्तर, "ते नट होते." म्हणजे काय, ते मला समजलेलं नाही, पण ते बोलतात अशा स्वरात की समजल्यासारखं वाटतं.

लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर मिळून 'विवेकजागराचा वादसंवाद' करत गावोगाव फिरायचे. लागू सांगायचे, देव नाही, त्याला रजा द्या. दाभोलकर त्याच मंचावरून सांगायचे, आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाला विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आहे. दोघे एकमेकांशी असहमत, आणि पुढच्या गावाला एकत्र जाणार. मला सासरी हवा होता तो असा वाद. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोर कुणी काही बोललं नाही. नानांनी पुढे कितीतरी दिवस शक्तीचा विषय काढला नाही. शेवटी मीच काढला, तेव्हा ते हायसं वाटल्यासारखे सावरून बसले.

चार्वाक घरात अधूनमधून निघतो, पण फक्त गृहकर्जाच्या हप्त्याला. "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्, तुमचाच माणूस ना?" असं दीर म्हणतात. आता चार्वाकांचा स्वतःचा ग्रंथ हाती नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळतं ते बहुतेक विरोधकांच्या पुस्तकांतून. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' त्यांतलाच. सुनेची माहिती फक्त सासूकडून घ्यावी, तसा हा प्रकार. हे मी एकदा सासूबाईंच्या देखत म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग बरोबरच असेल ती माहिती."

माझ्या बाजूची माणसंही धड नाहीत. ऑफिसातला एक मित्र कट्टर. सत्यनारायणाचा प्रसाद समोर आला की हात मागे घेतो आणि देणाऱ्या लहान मुलीला कार्यकारणभाव समजावतो. मी तो वाटी पुढे करून घेते. माझा अविश्वास देवावर आहे, सव्वा पटीच्या तुपावर नाही. या मित्राच्या गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊ येते आणि त्यासाठी त्याने जादा पैसे मोजलेत. "बायकोचा आग्रह," म्हणतो. नास्तिकांच्या बायका ही देवाने केलेली फार मोठी सोय आहे. मला तीही नाही.

एका वर्षी मात्र मी हट्टाला पेटले. आमच्याकडे गौरी सुनेने उंबरठ्यातून आत आणायच्या. कुंकवाच्या पावलांवरून चालायचं, आतून कुणी विचारतं, "काय घेऊन आलीस?" आणि आपण धनधान्य, सुखसमृद्धी अशी यादी सांगायची. त्या वर्षी पाहुण्यांनी घर भरलेलं असताना मी म्हटलं, "मी नाही आणणार. मला ते खोटं वाटतं."

ताट हातात घेतलेली जाऊ थिजली. नाना सरसावले. आत्याबाईंचा जबडा खाली गेला. इतक्या वर्षांनी माझा वाद दारात येऊन उभा होता. सासूबाईंनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि शांतपणे जाहीर केलं, "तिला अडचण आहे."

संपलं. क्षणात सगळ्यांचे चेहरे निवळले. "अगं मग आधी नाही का सांगायचं!" "जा, पड जरा." आत्याबाईंनी तर गरम पाण्याची पिशवी शोधायला मुलगी धाडली. विश्वास नाही हे कारण या घरात कधी कुणाला पुरलं नव्हतं. अडचण आहे म्हटल्यावर पुढे एक प्रश्न नाही. ही अडचण मी एरवी मुळीच पाळत नाही, त्यावर माझं एक वेगळं भाषण तयार आहे, पण ते देणार कुणाला? मी आतल्या खोलीत गादीवर पडून पुस्तक वाचत होते. खरं सांगायचं तर, इतकी सुखाची गौरी माझ्या वाट्याला पुन्हा आलेली नाही.

गोची झाली दुसऱ्या दिवशी. अडचणीच्या बाईला स्वयंपाकघर बंद, म्हणजे मीठ बघणारी गैरहजर. कटाच्या आमटीत सासूबाईंनी मीठ घातलं, जावेनेही घातलं, आणि आत्याबाईंनी "घातलंय का गं?" असं विचारत उत्तराची वाट न बघता घातलं. पंगत बसली. नानांनी पहिला भुरका मारला, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "यंदा समुद्रमंथन केलेलं दिसतंय."

संध्याकाळी सासूबाई माझं ताट घेऊन खोलीत आल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काय ते एक ठरव. अडचण तरी, नाहीतर नास्तिक तरी. दोन्ही मला परवडत नाही."

2011 च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात नास्तिक अशी नोंद झालेली माणसं देशभरात 33,304 निघाली. म्हणजे सव्वाशे कोटींच्या देशातले आम्ही सगळे मिळून वानखेडे स्टेडियम जेमतेम भरू. त्यांत महाराष्ट्रातले 9,652, आणि हा आकडा सगळ्या राज्यांत मोठा. मला वाचून फार अभिमान वाटला होता. मग कळलं की त्यांत मी नाही. गणक आले तेव्हा मी ऑफिसात होते आणि दार सासूबाईंनी उघडलं होतं.

पुढची जनगणना 2027 ची, आणि या वेळी माहिती आपली आपण ऑनलाइन भरायची सोय आहे. मी जेवताना सगळ्यांना बजावून ठेवलंय, माझा रकाना मी भरणार. सासूबाईंनी विरोध केला नाही.

"भर की," म्हणाल्या. "पण गुरुवारी भर. दिवस चांगला असतो."