लेकी जपानच्या, जागरण पुण्याचं

क्रिकेट बघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी ‘का बघतोस’ असं विचारत नाही. इंग्लंडातलं फुटबॉल बघणाऱ्यालाही आता विचारत नाहीत. पोरं लिव्हरपूलचा टी-शर्ट घालून कोथिंबीर आणायला जातात. पण मी जपानच्या महिला फुटबॉल संघाचा भक्त आहे म्हटलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतो. तिच्याकडे जरा जास्त वेळ. पुढचे प्रश्न ठरलेले. जपानी येतं का? नाही. जपानला गेला होतात? नाही. कंपनी जपानी आहे? तीही नाही. शेवटी उरतो तो ‘मग?’ आणि त्याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडेपर्यंत लिफ्ट तळमजल्यावर पोचलेली असते.

उत्तर आहे २०११ सालचं. जर्मनीत विश्वचषकाची अंतिम लढत होती, तारीख १७ जुलै; पण फ्रँकफुर्टचा सामना आपल्याकडे सुरूच रात्री सव्वाबाराला झाला. मी जागा होतो तो अॅसिडिटीमुळे, फुटबॉलप्रेमामुळे नव्हे. समोर अमेरिका, जिला जपानने तोवर एकदाही हरवलं नव्हतं. मार्चमध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी होऊन गेलेली. अमेरिकेने गोल केला, मियामा आयाने ८१व्या मिनिटाला फेडला. जादा वेळेत अमेरिकेने पुन्हा आघाडी घेतली. मी रिमोट हातात घेतला, आता झोपायचं म्हणून. ११७व्या मिनिटाला मियामाने कॉर्नर घेतला आणि कर्णधार सावा होमारे गर्दीतून जवळच्या खांबाकडे धावली. गोलकडे जवळजवळ पाठच होती तिची. चेंडूला तिने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने नुसती टिचकी मारली आणि तो आत गेला. मी ओरडलो असतो, पण घर झोपलेलं. उशी तोंडात कोंबली. मग पेनल्टी. काइहोरी आयुमीने पहिलीच पायाने अडवली, आणि शेवटची मारली ती वीस वर्षांच्या कुमागाई साकीने. जपान जगज्जेता. अॅसिडिटी गेली की राहिली, हे बघायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे येऊ घातलेल्या लॉर्ड्सच्या कसोटीत बुडालेले. मी सावाबद्दल सांगायला गेलो, तर शेजारचा म्हणाला, “सचिनचं शंभरावं तिथेच होणार बघ.” तेव्हापासून मी एकटाच आहे.

या छंदात खरा जाच जागरणाचा नाही, पत्त्यांचा आहे. लेकी लग्न होऊन देशोदेशी गेल्यावर आईबापाला जसं कोण कुठे नांदते आहे, कुणाचं बिऱ्हाड हललं, कुणाकडे किती वाजलेत, हे मुखोद्गत ठेवावं लागतं, तसं माझं झालं आहे. हासेगावा युई मिलानला होती, मग लंडनला वेस्ट हॅमकडे, २०२२ पासून मँचेस्टर सिटीत. तिथे आपण निश्चिंत, कारण सोबतीला गोलकीपर यामाशिता आणि धाकटी फुजिनोही आली. त्याच गावात पण पलीकडच्या घरी, म्हणजे युनायटेडला, मियाझावा हिनाता. तिची मला सारखी काळजी, कारण दोन घरांचं पटत नाही आणि दोघींचा सामना लागला की मी कुणाला टाळ्या वाजवू? हामानो चेल्सीकडे गेलेली. तानाका मिना लेव्हरकुसेनहून परतली असं वाटेवाटेतो अमेरिकेत युटाला गेलेली. सगळ्यात फिरस्ती कुमागाई: फ्रँकफुर्ट, लिआँ, म्युनिक, रोम, लंडन. लिआँत तिने पाच वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. एवढं आमच्या सख्ख्या भाच्यांपैकी कोण कुठल्या कंपनीत आहे ते मला सांगता येत नाही, हा मुद्दा घरात अधूनमधून निघतो.

यात पुन्हा माहेर आहेच. २०२१च्या सप्टेंबरात जपानमध्ये महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि माझा रविवार गेला. त्यांच्या दुपारच्या दोनला आपले सकाळचे साडेदहा वाजतात. मंडईची हीच वेळ. मी एका हाताने वांगी निवडत दुसऱ्या हातात उरावा क्लबचा सामना धरतो, आणि त्या दिवशीच्या भरीतात हटकून अळी निघते. संध्याकाळी साडेपाचला इंग्लंड सुरू होतं, म्हणजे पाहुणे आणि चहा. अमेरिकेतल्या मुली पहाटे खेळतात. त्यांचं मी दूधवाल्याबरोबर उरकतो. बायको आता फक्त एवढंच विचारते, “आज कुणाकडे?” माहेरी आहे की सासरी, त्यावर ती कुकर लावायचा की नाही ते ठरवते. शिवाय निम्म्या वेळा पडद्यावर पाटी येते की हे प्रक्षेपण आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही. अशा वेळी मी नुसते आकडे बदलताना बघत बसतो. ०-० हा आकडा दीड तास बघायला जी चिकाटी लागते ती कुठल्याही साधनेत लागत नसावी.

घरातलं कुणीच वाटेकरी नाही असंही नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात शिमिझू रिसाचा गुडघा गेला. मी जेवताना ते बोललो. आई घास तसाच ठेवून म्हणाली, “एवढ्या लहान वयात? कुणाची रे ती?” मी सांगितलं, जपानची, उजवीकडची बचावपटू. आईने तिळाच्या तेलाची सविस्तर कृती सांगितली आणि ‘कळव तिला’ म्हणाली. पुढे बरेच दिवस ती स्वतःचा गुडघा चोळताना शिमिझूची चौकशी करायची.

त्याच ऑलिंपिकमधला २८ जुलै २०२४ माझ्या विशेष लक्षात आहे. दुपारी मनू भाकरने कांस्यपदक मिळवलं होतं, घरात पेढे आलेले, टीव्हीवर तोच नेमबाजीचा क्षण पुन्हापुन्हा. मलाही आनंद होताच, पण साडेआठला जपान-ब्राझील होतं. टीव्ही मागणं म्हणजे देशद्रोह. मी मोबाइल घेऊन गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे. तानाका मिनाची पेनल्टी हुकली. ब्राझीलचा गोल झाला. नव्वद मिनिटं संपली, जपान मागे. मग कुमागाईने पेनल्टीवर बरोबरी केली. शेवटच्या क्षणांत ब्राझीलच्या खेळाडूचा पास चुकला आणि एकोणीस वर्षांच्या तानिकावा मोमोकोने तो चेंडू न थांबवता, मान वर करून एकदाच बघून, लांबूनच उचलून मारला. गोलकीपर पुढे आलेली. चेंडू तिच्या डोक्यावरून जाळ्यात. मी उडी मारली आणि चादर दोरीसकट खाली आली. आतून मुलगा म्हणाला, “बाबापण मनूसाठी नाचतायत.” मी ते खोडून काढलं नाही.

जपानमध्ये सगळे यांना डोक्यावर घेऊन नाचत असतील, असं वाटतं ना? २०१२ला लंडन ऑलिंपिकला जाताना जगज्जेत्या बायका विमानात मागे आणि तेवीस वर्षांखालचे मुलगे त्याच विमानात पुढे, बिझनेस क्लासमध्ये. नुसत्या वयाचा विचार केला तरी उलट हवं होतं, असं सावा म्हणाली. रौप्यपदक घेऊन परतताना मात्र त्यांना पुढची आसनं मिळाली. २०२३च्या विश्वचषकाचं तर जपानमध्येच प्रक्षेपण होणार की नाही याचा पत्ता नव्हता. हक्कांच्या पैशांवरून घोळ चालू होता आणि स्पर्धेला आठवडा उरला असताना एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने पुढे येऊन लाज राखली. खुद्द टोकियोतल्या माणसाची ही कथा, तर बाणेरच्या माणसाने कुणाकडे तक्रार करायची?

त्या विश्वचषकाने मात्र मला एक गोष्ट दिली: ऑफिसच्या कँटीनमध्ये प्रेक्षक. वेलिंग्टनचा स्पेनविरुद्धचा सामना सोमवारी साडेबाराला होता, म्हणजे ऐन डब्याच्या वेळेला. चेंडू तीन-चतुर्थांशाहून जास्त वेळ स्पेनकडे आणि गोल सगळे जपानचे. आमचा हिशेब खात्यातला एक गृहस्थ वाकून बघत होता. “यांच्याकडे बॉलच नाही, मग गोल कसे होतात?” मी मियाझावाची धाव दाखवली. मध्यंतराला ३-०. त्याने माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी घेतली आणि तिथेच बसला. शेवटी ४-०. मियाझावा त्या स्पर्धेत पाच गोल करून सर्वाधिक गोलांची मानकरी ठरली, आणि आमच्याकडून मार खाल्लेला स्पेन पुढे जगज्जेता झाला. ‘आमच्याकडून’ हा शब्द मी कँटीनमध्ये मोठ्याने वापरला. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने हरवलं, उएकी रिकोची पेनल्टी आडव्या दांड्यावर आपटली, तेव्हा हिशेबवाला रजेवर होता. पुन्हा मी एकटा.

आणि आता ती जखम सांगतो. २०२२च्या जानेवारीत महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रात भरला, आणि जपानचे गटातले तिन्ही सामने बालेवाडीत! माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. पण कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. तरी मी गेलो. फाटकावरचा सुरक्षारक्षक म्हणाला, “कुणाला भेटायचंय?” मी म्हटलं, जपानची मॅच आहे ना आत. त्याने मला आपादमस्तक न्याहाळून शांतपणे विचारलं, “तुम्ही जपानचे का?” यावर काय बोलणार?

उपांत्य सामनाही बालेवाडीलाच, चीनशी, ३ फेब्रुवारीला. मी फाटकापासून जरा पुढे स्कूटर उभी केली आणि तिच्यावर बसून मोबाइलवर सामना लावला. आत चाललेला खेळ कुठल्याकुठल्या उपग्रहांना प्रदक्षिणा घालून माझ्या हातात येत होता, आणि कानांवर येत होते ते फक्त हायवेवरचे ट्रक. चहावाल्याने डोकावून विचारलं, “आपली मॅच?” म्हटलं, आपण स्पर्धेतून बाहेर. “हरलो?” नाही, पहिली बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या सामन्याला कोरोनामुळे तेरा खेळाडूही उभे राहीनात. तो चुकचुकला. मग म्हणाला, “तर मग तुम्ही इथे का?”

उएकीने पहिला गोल केला, चीनने फेडला. जादा वेळेत उएकीने पुन्हा केला. ११९व्या मिनिटाला, सुटलोच असं मी म्हणत असताना, चीनने पुन्हा बरोबरी साधली आणि पेनल्ट्यांवर ४-३ने जिंकला. २०१४ आणि २०१८चा चषक ज्यांनी नेला, त्या माझ्यापासून एका भिंतीपलीकडे हरल्या आणि मला तिकडे हातसुद्धा हलवता आला नाही. चहावाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. बहुधा माझ्या घरात काहीतरी झालंय असं त्याला वाटलं असावं.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर १७ वर्षांखालच्या जपानी मुली गोव्यात मडगावला विश्वचषक खेळत होत्या. त्यात ही तानिकावाही होती. प्रेक्षकांना आता मुभा होती, मी बायकोला ‘गोव्याला जाऊ’ म्हटलं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच आपणहून सहलीचं नाव काढलं होतं. ती क्षणभर हळवी झाली. मग तिने माझा मोबाइल बघितला. फराळ, पाहुणे, साफसफाई ही कारणं नंतर आली. तानिकावाने गोल केला, स्पेनने अखेरीला दोन करून सामना काढला, आणि मी हे सगळं चकल्या तळता तळता ऐकलं.

पुढे २०२५मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. मी सोसायटीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, माणूस एकदाचा ताळ्यावर आला. मग ऑस्ट्रेलियातल्या त्या स्पर्धेची सोडत निघाली आणि भारत पडला जपानच्याच गटात. रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प. मुलाने वरणाचा डाव हातात धरून विचारलं, “बाबा, तू नक्की कुणाच्या बाजूने?” आईही थांबली. बायकोने तर कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक केला.

मी म्हटलं, आधी मॅच किती वाजता आहे ते बघू दे.