नळाचा रविवार

शुगर काठावर आहे, चाला, असं डॉक्टर म्हणाले. कुठे चालायचं ते बोलले नाहीत. आमच्या संभाजीनगरात एप्रिल महिन्यात सकाळी नऊनंतर चालतात ते फक्त कूलर. म्हणून मी ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये शिरलो. एका नव्हे, तीन. म्हटलं, एकात तरी माझ्या पोटाचं कुणी सापडेल.

पहिला ग्रुप रोज पहाटे गोगाबाबाच्या टेकडीवर जाणारा. टेकडी सभ्य आहे, फार दमवत नाही. पण मंडळी सगळी निवृत्त. चढताना पेन्शनवर बोलतात, उतरताना सुनांवर. मला अजून दोन्ही नाहीत. दुसऱ्या ग्रुपने कन्नडकडचा अंतूर किल्ला ठरवला. चार रविवार नुसता ठरवलाच. वर गेल्यावर पिठलं करायचं की भरीत, यावरून दोन तट पडले, दोघंजण ग्रुप सोडून गेले. अंतूर आहे तिथेच आहे.

तिसरा ग्रुप मात्र खरंच निघाला. मेसेज आला : "देवगिरी. रविवार, पहाटे पाच, क्रांती चौक. माणशी चार लिटर पाणी. कुणाचीही वाट पाहिली जाणार नाही."

हिने तो वाचला आणि आधी कॅलेंडर पाहिलं. "रविवारी नळ आहे."

पुण्यामुंबईच्या वाचकांना हे कळायचं नाही. तिकडे नळ येतो, आमच्याकडे नळ 'असतो', जशी एकादशी असते. दिवस साधारण ठरलेला, वेळ मात्र त्याची त्यालाच ठाऊक. त्या दिवशी पाहुण्यांना बोलवत नाहीत, घरातल्या कर्त्या पुरुषाने मोटरीपासून हलायचं नसतं. जायकवाडीचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. धरण उशाला नि कोरड घशाला म्हणतात, ते आम्हीच.

"टाक्या कोण भरणार?"

"चिरंजीव."

चिरंजीवांनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"आणि चार लिटर पाणी डोंगरावर नेऊन काय करणार? इन्व्हर्टरमध्ये पाणी घाला म्हणून तीन दिवस सांगतेय, ते होत नाही तुमच्याच्यानं."

बराच घोळ होऊन दोन बाटल्या मंजूर झाल्या. पहाटे हिची झोप मोडू नये म्हणून मी अंधारातच ओट्यावरच्या बाटल्या चाचपून सॅकमध्ये टाकल्या नि निघालो.

'वाट पाहिली जाणार नाही' असं लिहिणारे अ‍ॅडमिन स्वतः पावणेसहाला उगवले. मग चहा. मग कुणाला तरी पोहे. किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन चांगलं कामाला लागलं होतं. आत सुरुवातीलाच हत्ती हौद लागतो. एवढा अवाढव्य हौद पाहून सगळे फोटो काढत होते. मला मात्र एकच प्रश्न, हा भरायला मोटर किती तास लावावी लागेल?

अ‍ॅडमिन सरांना इतिहासाची भारी हौस. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा गडावर धान्याची पोती म्हणून जी चढवली, त्यांत निघालं मीठ, नि रामदेवरायाला तह करावा लागला, अशी गोष्ट सांगतात. ती त्यांनी चांद मिनारच्या सावलीत रंगवून सांगितली. मग तुघलक. 1327 च्या सुमारास दिल्लीची माणसं उचलून इथे आणली आणि काही वर्षांनी परत नेली. पाण्याचे हाल हेही एक कारण सांगतात. मला तर हा पहिला ग्रुप अ‍ॅडमिनच वाटतो. आधी "सगळ्यांनी यायचंच", मग "प्लॅन कॅन्सल". फक्त ग्रुप सोडायची सोय नव्हती.

खंदक ओलांडून अंधारीत शिरलो. पुढच्याच्या खांद्यावर हात, पायाखाली उंचसखल पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं आणि त्यांचा तो नाकात बसणारा वास. शत्रूला चकवायला केलेली वाट, पण सुखाची गोष्ट अशी की तेवढाच काय तो गारवा. माझं मत विचाराल तर ट्रेक तिथेच संपवायला हरकत नव्हती.

बारादरीशी पोचेपर्यंत माझी पहिली बाटली संपली होती. शेजारी कॉलेजातली एक पोरगी धापा टाकत बसलेली. मी मोठ्या मनाने दुसरी बाटली पुढे केली. "घे बेटा, बिनधास्त पी."

तिने झाकण उघडलं, तोंडाशी नेली आणि थांबली. "काका, यावर 'इन्व्हर्टर' लिहिलंय."

अक्षर माझंच होतं. निळ्या मार्करचं, ठळक, खाली दोन रेघा मारलेलं.

"मीठ निघालं काय सर?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळा ग्रुप हसला. अ‍ॅडमिन तर आधी हसले, मग त्यांनी स्वतःची बाटली त्या पोरीला दिली. मला कुणी दिली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ही.

"नळ आलाय."

"अरे वा. मग भरा की!"

"लाइट गेलीय. मोटर बंद. आणि तो इन्व्हर्टर लाल दिवा लावून केव्हाचा कोकलतोय. त्याच्या पाण्याची बाटली ओट्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काढून ठेवली होती मी. कुठे ठेवलीत?"