बेन वॉलेस कॉलेजात गेला होता

बास्केटबॉलपटू बेन वॉलेसवरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. 'एकाही कॉलेजने घेतलं नाही, ड्राफ्टमध्ये नाकारलं, कुणाची मदत नाही. तरी नुसत्या जिद्दीवर एका रात्रीत एनबीएचा स्टार! पोत्याने बास्केट मारले. डिग्रीच्या मागे लागू नका.' (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडायची पद्धत.) माझ्या भाच्याने तो मला पाठवून खाली विचारलंय, 'मामा, मग एसवायची फी कशाला भरायची?'

सगळ्यात घातक थाप आहे ती 'कुणाची मदत नाही' ही. वॉलेस अलाबामातल्या व्हाइट हॉल गावचा, अकरा भावंडांतला दहावा. तीन-तीन डॉलरला लोकांचे केस कापून त्याने चार्ल्स ओकलीच्या शिबिराची 50 डॉलर फी जमवली. ओकली तेव्हा एनबीएतल्या न्यूयॉर्क निक्स संघाचा दांडगा फॉरवर्ड. त्याने पोराला कोर्टवर समोरासमोर खेळवून त्याचं पाणी जोखलं आणि पुढेही पाठीशी राहिला. वॉलेस आधी दोन वर्षं क्लीव्हलंडच्या कायाहोगा कम्युनिटी कॉलेजात खेळला. क्लीव्हलंड म्हणजे ओकलीचं गाव. मग दोन वर्षं रिचमंडच्या व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात, आणि ओकलीही तिथलाच माजी खेळाडू. 1996 साली या विद्यापीठाचा संघ डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे कॉलेज स्पर्धांच्या दुसऱ्या पातळीवर, शेवटच्या चारांत पोचला. कॉलेजं लहान होती, पण होती! पोराची जिद्द तेवढी सांगायची आणि ओकली व ही चार वर्षं गाळायची, ही सरळ लबाडी आहे.

ड्राफ्टचं खरं आहे, मान्य. त्या वर्षी 58 जण निवडले गेले, त्यात हा नव्हता. वॉशिंग्टनच्या एनबीए संघाने नंतर करार दिला.

'एका रात्रीत' म्हणणाऱ्यांनी एनबीएच्या अधिकृत आकडेवारीत त्याचा पहिला मोसम उघडून बघावा: 34 सामने, सरासरी 1.1 गुण. सर्वोत्तम बचावपटूचा पहिला मान मिळाला 2002 साली, डेट्रॉइटकडून खेळताना. तो मान त्याला एकूण चारदा मिळाला. 2004 ला याच डेट्रॉइटने शकील ओनीलच्या लेकर्स संघाला एनबीएच्या अंतिम फेरीत 4-1 ने हरवलं.

आणि पोत्याने बास्केट? अख्ख्या कारकिर्दीत सामन्यामागे सरासरी 5.7 गुण. हा माणूस 2021 साली बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला तो रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, ओढून आणि समोरच्याचे शॉट अडवून.