तोंडाभोवती काळं म्हणजे लिव्हर खराब? त्या फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या भिशीच्या ग्रुपवर थोरल्या जाऊबाईंनी एक मेसेज टाकला आणि रात्रीपर्यंत तोच मेसेज माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि दुकानात आलेल्या दोघीतिघींच्या मोबाईलवर पण बघितला. मी सिडकोत मेडिकलच्या काउंटरवर बसते, डी. फार्म केलंय, बारा वर्षं झाली, आणि तोंडाभोवतीच्या काळेपणासाठी ट्यूब मागायला रोज कोणी ना कोणी येतंच, म्हणून हे लिहायला बसले. जाऊबाई, तुमच्यावर राग नाही, तुम्ही चांगल्या मनानेच पाठवलं. पण त्या मेसेजमुळे चेहरे खराब होतायत आणि ते मी समोर बघतेय.

मेसेज ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर चेहऱ्याचा एक नकाशा आहे, कपाळ म्हणजे आतडी, गाल म्हणजे फुफ्फुसं, तोंडाभोवतीचा भाग म्हणजे लिव्हर. खाली लिहिलंय की तोंडाभोवती काळं दिसलं की लिव्हरमध्ये घाण साचली असं समजा, रोज सकाळी काढा घ्या, रात्री लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट एकत्र करून चोळा, जळजळलं तर औषध लागू पडतंय, सात रात्रीत डाग साफ. लवकर फरक हवा असेल तर मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणून त्यात मिसळा, वरूनच लावायचंय त्यामुळे साइड इफेक्ट नाही. सनस्क्रीन लावू नका, ते केमिकल आहे. आणि शेवटी, डॉक्टर हे सांगणार नाहीत कारण त्यांचं दुकान बंद होईल.

लिव्हरपासून सुरू करू. लिव्हर खरंच बिघडलं तर डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, पोटात पाणी होतं, पाय सुजतात, अंगाला खाज सुटते. फक्त तोंडाभोवती काळं कडं पडणं हे लिव्हरच्या आजाराचं लक्षण नाही आणि चेहऱ्याच्या नकाशाला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. काळं का पडतं तर कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन बनवतात, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्या पेशी जरा जास्तच जाग्या असतात. कातडीला कुठेही सूज आली, पुरळ आलं, घासलं, भाजलं, की बरं होताना मागे काळा डाग राहतो. डास चावला तरी आपल्याकडे महिनाभर डाग राहतो ना, तसंच. तोंडाभोवती हा त्रास का, तर दिवसभर सगळ्यात जास्त छळ त्याच जागेचा होतो.

कसला छळ ते सांगते, कारण खरं उत्तर इथेच आहे. थंडीत आपल्या नाशकात पारा खाली येतो, निफाडकडे तर विचारायलाच नको, ओठ फुटतात, मग पोरं जीभ फिरवत राहतात, थुंकी वाळली की कातडी अजून कोरडी पडते म्हणून परत जीभ फिरवायची. अशा पोरांच्या तोंडाभोवतीचं कडं नीट बघा, जीभ जिथवर पोचते बरोब्बर तिथवरच असतं, त्याला लिव्हर काय करणार! त्या पोराला साधी पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा लावायची आणि जीभ फिरवायची सवय सोडवायची, एवढंच. मोठ्यांमध्ये अप्पर लिपचं थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच, वर केस काढायची क्रीम, आणि हे सगळं दर पंधरा दिवसांनी. पुरुषांमध्ये बोथट ब्लेडने उलटी दाढी. स्कूटीवर तोंडाला घट्ट आवळलेला स्टोल, आत घाम, वर घासणं. काहींना लिपस्टिकमधला किंवा क्रीममधला वास सोसत नाही, काहींना टूथपेस्टमधला पुदिना-दालचिनीचा फ्लेवर सोसत नाही, तोंडाच्या कडेला फेस तसाच राहतो, आधी खाज, मग बारीक पुरळ, मग काळं. म्हणजे त्या मेसेजने जी टूथपेस्ट औषध म्हणून सांगितलीय ती कित्येकांच्या बाबतीत दुखण्याचं कारण असते. ओठाचे कोपरे फुटून काळे होत असतील तर ते वेगळं, तिथे बुरशी, साठणारी लाळ, सैल कवळी, लोह किंवा बी व्हिटॅमिनची कमतरता असं काहीबाही असतं आणि ते तपासूनच कळतं.

गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना वरच्या ओठावर मिशीसारखी सावली येते, गालावर पण येते, त्याला आपण वांग म्हणतो. आणि अजून एक प्रकार आहे जो कोणी सांगतच नाही. कित्येक मुलींना वयात आल्यावर ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे उतरणारे दोन सावळे पट्टे दिसायला लागतात, दोन्हीकडे सारखे, ना खाज ना आग, आणि आईला किंवा मावशीला पण असतात. तो आजार नाहीच. कातडीचा रंगच त्या रेषेवर बदलतो, जन्मजात ठेवण आहे ती, आणि कितीही ट्यूबा रिकाम्या केल्या तरी फार फरक पडत नाही. अशा मुली माझ्याकडे येतात, पाच-पाच वर्षं काही ना काही चोळून झालेलं असतं, घरचे रोज टोचून बोललेले असतात, आणि यात बरं करण्यासारखं काही नाहीये हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं की रडतात. मला त्या मेसेजचा सगळ्यात जास्त राग यासाठी आहे, की अशा निरोगी पोरीला तो तुझ्या आत घाण साचलीय असं सांगतो.

शरीराच्या आतून येणारी कारणं नाहीतच असं मी म्हणत नाही हं. तोंडाभोवतीचा काळेपणा जाडसर, मखमलीसारखा लागत असेल आणि तसाच मानेवर, काखेत पण असेल, वजन वाढतंय, पाळी मागेपुढे होतेय, हनुवटीवर राठ केस येतायत, तर शरीर इन्शुलिनला दाद देत नाहीये असा संशय घ्यायचा, पीसीओडी किंवा डायबिटीसची सुरुवात असू शकते. मानेवरचा तो काळेपणा मळ समजून आया पोरींच्या माना वज्रीने घासतात, कृपा करून घासू नका, सकाळी उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. बी 12 कमी असलं की बोटांच्या पेरांवर काळं दिसतं, चेहऱ्यावर पण येऊ शकतं. आणि सगळं अंगच काळवंडतंय, तळहाताच्या रेषा, हिरड्या काळ्या पडतायत, जोडीला थकवा, वजन उतरतंय, चक्कर येतेय, तर वेळ न घालवता फिजिशियनकडे जा, किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असा दिसतो. यातल्या एकाही गोष्टीवर काढा हे उत्तर नाही.

आता तो लिंबू-सोडा. आपली कातडी किंचित आंबट असते, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास, लिंबाचा रस दोनच्या आसपास म्हणजे कितीतरी पट तीव्र, आणि सोडा आठच्या पुढे, म्हणजे उलट्या टोकाला. दोन्ही एकत्र केले की जो फेस येतो तो डाग काढणारा फेस नाही, कार्बन डायऑक्साइड निघून जातोय एवढंच. मागे उरतात न विरघळलेले सोड्याचे कण, आणि त्यांनी चोळणं म्हणजे पॉलिश पेपरने चोळण्यासारखंच. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत असा एक पदार्थ असतो की तो कातडीवर राहून वर ऊन पडलं की एक-दोन दिवसात ती जागा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि मग तपकिरी डाग महिनोन्महिने राहतो. उन्हाळ्यात उन्हात बसून सरबताची लिंबं पिळणाऱ्यांच्या हातावर असे डाग पडतात.

माझ्या सख्ख्या भाचीचं सांगते. वैशाखात लग्न, तिने जानेवारीत हेच केलं, चार रात्री. जळजळतंय म्हणजे काम करतंय असं मेसेजमध्येच लिहिलेलं म्हणून ती सोसत राहिली. पाचव्या दिवशी तोंडाभोवती पापुद्रे, हसता येईना, आणि पंधरा दिवसांनी आधी जी हलकीशी सावली होती तिथे गडद कडं. गंगापूर रोडला स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले तर त्यांनी तीन आठवडे फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलं, बाकी सगळं बंद, फेसवॉशसुद्धा बंद. तिला वाटलं डॉक्टरांनी काहीच केलं नाही. खरं तर तेच सगळ्यात मोठं औषध होतं, कारण आग चालू असताना डागावर काय लावणार? नंतर ॲझेलेइक ॲसिड, म्हणजे डाग हलके करणारं मलम, सुरू केलं. जळजळ म्हणजे असर हे डोक्यातून काढून टाका, जळजळ म्हणजे इजा, आणि आपल्या कातडीत प्रत्येक इजेची पावती काळ्या डागानेच मिळते.

ट्यूबबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे आमच्या धंद्याचाही दोष आहे. गोरं करणारी ट्यूब म्हणून जी मागतात तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि मोमेटासोनसारखं एक स्टेरॉईड. तिन्ही एकत्र करायची कल्पना 1975 सालची, अमेरिकेतल्या क्लिगमन नावाच्या त्वचातज्ञाची. औषध वाईट नाही, वांगासाठी डॉक्टर ते देतात, पण रात्री, पातळ थर, काही आठवडे, आणि मध्ये तपासायला बोलावून. आपल्याकडे काय होतं, एकीला चिठ्ठीवर दिलेली ट्यूब बहिणीला, बहिणीची नणंदेला, आणि वर्ष-दीड वर्ष रोज, फेअरनेस क्रीमसारखी. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा एकदम उजळतो, सगळे विचारतात काय लावतेस, आणि तिथेच माणूस अडकतो. मग कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग, मुरुमं, गालावर लव, आणि तोंडाभोवती लाल पुळ्यांचं पुरळ. ट्यूब बंद केली की हे सगळं दुप्पट उसळतं म्हणून परत लावायची. आणि ते पुरळ बसताना मागे काय ठेवतं, तर पुन्हा तोंडाभोवती काळं. ज्यासाठी सुरू केलं तेच वाढवून घेतलं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर निळसर काळे डाग पडतात ते वेगळेच, आणि ते काढणं फार अवघड.

2018 च्या मार्चमध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉईड औषधं, जी आधी मलम म्हणून चिठ्ठीशिवाय मिळायची, शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. तरी काही दुकानात मिळतात, हे मी नाकारत नाही, मला लाज वाटते. मी देत नाही म्हणून गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जातं. तुम्ही खोका उलटून नावं वाचा, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. पण आधीच बरेच महिने लावत असाल तर हे वाचून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू सोडवतात. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीत मिळणारी क्रीम तर हातात पण घेऊ नका, अशा काही क्रीममध्ये पारा निघालाय आणि पाऱ्याने किडनी खराब होते. वरून लावायचं म्हणून साइड इफेक्ट नाही हे वाक्य तिथेच खोटं पडतं.

सनस्क्रीन केमिकल आहे म्हणे. मीठ पण केमिकल आहे. हा काळेपणा उन्हाने गडद होतो आणि बाकी काहीही लावा, ऊन थांबवलं नाही तर सगळं वाया. सावळ्या कातडीला लागत नाही हाही गैरसमज, उलट साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने पण आपली कातडी गडद होते, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, जरा रंगीत दिसणारं सनस्क्रीन आपल्याला जास्त उपयोगी. एसपीएफ 30 किंवा वर, दोन बोटांवर लांब पट्टी काढून तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत विरळणीला जाणाऱ्या बायका मला म्हणतात ताई हे महागाचं कुठून आणू. त्यांचं बरोबर आहे. त्यांनी सैल सुती ओढणी आणि रुंद काठाची टोपी वापरावी, नायलॉनचा आवळून बांधलेला स्कार्फ नको.

सात रात्री. कातडीचा वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो, मग सात दिवसात डाग कुठे जाणार? कारण बंद करून, सनस्क्रीन चालू ठेवून, ॲझेलेइक ॲसिड, नायसिनामाइड, कोजिक ॲसिड अशी औषधं लावली तर दोन-तीन महिन्यात फरक दिसायला लागतो, रंग खोल थरात उतरला असेल तर त्याहून जास्त. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा, पहिले काही दिवस एक दिवसाआड. ट्रेटिनॉईन गरोदर बायकांनी लावायचं नाही, ॲझेलेइक चालतं, तरी विचारूनच. ब्रश झाल्यावर तोंडाच्या कडा पाण्याने नीट धुवायच्या, शंका वाटली तर महिनाभर बिनफ्लेवरची टूथपेस्ट वापरून बघायची. थ्रेडिंग थोडं लांबवायचं. मिश्री सोडायची, हिरड्या काळ्या होतात ते दिसतं पण खरी भीती तोंडाच्या कॅन्सरची आहे.

राहिलं डॉक्टरांचं दुकान. त्र्यंबक नाक्याजवळ आपलं सिव्हिल हॉस्पिटल आहे, तिथे कमी पैशात दाखवता येतं, नंबर लावायला थोडं थांबावं लागतं इतकंच. जाताना चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून न्या, पार्लरची डबी, लिपस्टिक, टूथपेस्टसुद्धा, आणि हा त्रास सुरू व्हायच्या आधीचा एखादा फोटो न्या. काय लावलं ते लपवू नका, डॉक्टर ओरडतील म्हणून बायका ट्यूबचं नाव सांगत नाहीत आणि मग निदान चुकतं. माझ्या भाचीला पाच महिने लागले. लग्नाच्या फोटोत ते कडं दिसतं, अजून ती तो अल्बम कोणाला दाखवत नाही.