‘जेवढे टक्के मतं तेवढ्या जागा’ हे एवढं सरळ नाहीये

जळगाव-धुळ्याकडच्या एमपीएससी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात सोनदेश नावाचा काल्पनिक देश, एक लाख मतं, 10 जागा. क पक्षाला 42 हजार, ख ला 31, ग ला 15 अन् घ ला 12 हजार. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे ज्या पक्षाला जेवढे टक्के मतं त्याला साधारण तेवढे टक्के जागा, लावलं की उत्तर एकच, 4-3-2-1, कोणीही काढा. शिवाय मेसेज म्हणतो, यात एकही मत वाया जात नाही, भारतात ही पद्धत कधी वापरलीच नाही, आणि आली तर आपल्या भागाचा आमदार असं कोणी राहणारच नाही. पोरं हे पेपरात लिहून येतील, म्हणून राहवलं नाही.

आधी ते "उत्तर एकच". 10 हजारांचा कोटा, म्हणजे एका जागेमागे लागणारी मतं (एक लाख भागिले 10), धरून भागलं तर पूर्ण जागा 4, 3, 1, 1 म्हणजे नऊच होतात, दहावी ज्याची बाकी सगळ्यात मोठी त्याला, म्हणजे 5 हजार बाकीवाल्या ग ला. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण बऱ्याच देशांत डी'हॉन्टची रीत चालते, प्रत्येक पक्षाची मतं 1, 2, 3, 4, 5 ने भागत जायची आणि जे दहा आकडे सगळ्यात मोठे येतील त्यांना जागा. वहीत करून बघा भाऊ, दहावा आकडा येतो 8,400, तो क चा, आणि निकाल होतो 5-3-1-1. बेचाळीस टक्के मतांवर अर्धं सभागृह! भागायला 1, 3, 5, 7 घेतले, म्हणजे सेंट-लाग्यूची रीत, तर परत 4-3-2-1.

आता खरी गंमत मतदारसंघाची आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. हाच देश दोन भागांत तोडा, प्रत्येकी 5 जागा, मतांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, रीत डी'हॉन्टची. प्रत्येक भागात 2-2-1-0 येतं, एकूण 4-4-2-0. म्हणजे 31 टक्केवाला 42 टक्केवाल्याच्या बरोबरीत आणि 12 हजार लोकांनी मत दिलेला घ पक्ष सभागृहातच नाही. एकाही माणसाने मत बदललेलं नाही, फक्त नियम बदलला. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि क्लासच्या नोट्समध्ये ते दोन ओळींत उरकतात.

मत वाया जात नाही म्हणणाऱ्यांनी तुर्कस्तानची 2002 ची निवडणूक बघावी. देशभरात किमान 10 टक्के मतं मिळाली तरच जागा, अशी अट होती, ती पार न करणाऱ्या पक्षांची मतं मिळून चाळीस टक्क्यांच्या वर गेली, ती सगळी बाद, आणि साधारण 34 टक्केवाल्या पक्षाला 550 पैकी 363 जागा. इस्रायलमध्ये अट 3.25 टक्के आहे, नेदरलँड्समध्ये 150 जागांपैकी एका जागेपुरती मतं पुरतात. अट किती, त्यावर सगळं आहे.

भारतात कधी वापरली नाही हे तर साफ खोटं. राज्यसभेची निवडणूक कलम 80 प्रमाणे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मतानेच होते, म्हणजे मत एकच, पण उमेदवारांना 1, 2, 3 असा पसंतीक्रम द्यायचा. आपले खान्देशातले 20 आमदार, जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4, याच पद्धतीने पसंतीक्रम टाकतात. 288 आमदार आणि 6 जागा असतील तर 288 ला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे 7 ने भागायचं, 41 च्या थोडं वर येतं, म्हणून पहिल्या पसंतीची 42 मतं पडली की सीट पक्की.

राहिला आमदाराचा मुद्दा. इस्रायलसारखा पूर्ण देश एकच मतदारसंघ केला तर ही भीती खरी आहे, ते मी मान्य करतो. पण न्यूझीलंडमध्ये 1996 पासून मतदाराला दोन मतं आहेत, एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाला. नेपाळमध्ये 275 पैकी 165 थेट मतदारसंघातून अन् 110 पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून येतात, आणि यादीत महिला, दलित, जनजाती यांना वाटा द्यावाच लागतो. आपल्याकडे नंदुरबारच्या चारही जागा आदिवासींसाठी राखीव आहेत, त्यामुळे इथल्या माणसाने विचारायचं ते हे की यादी बनवणार कोण, आणि अक्कलकुव्याच्या पोरीचं नाव तिच्यात तिसरं असेल की त्रेपन्नावं.