खुलासा: स्पेसर लावून गाडी फोर बाय फोर होत नाही

‘छोट्या क्रॉसओव्हरला दोन इंचांचे स्पेसर लावा, गाडी फोर बाय फोरच्या तोडीची होते’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. स्पेसर म्हणजे गाडी उंच करायला सस्पेन्शनच्या स्प्रिंगशी बसवायचे ठोकळे. त्यांनी गाडीचं पोट उंचावतं, दगडांपासून थोडं वाचतं, इतकं बरोबर. पण चाकाचा वर-खाली होण्याचा एकूण पल्ला तेवढाच राहतो. शिवाय फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते. फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक अधांतरी झालं, की साधा डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच) तेच गरगर फिरवतो. जमिनीवरचं ढिम्म हलत नाही.

स्पेसर लावलेल्या गाडीखाली वाकून बघा. ड्राइव्हशाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) आधीपेक्षा तिरका दिसेल. त्याच्या सांध्यावरच्या रबरी बुटाच्या, म्हणजे आवरणाच्या, घड्या एका बाजूला ताणलेल्या असतात. तो फाटला की ग्रीस बाहेर, माती आत. चाकांचं अलाइनमेंटही बिघडतं, ते लगेच करून घ्यावं लागतं.

माझं विचाराल तर पैसे आधी ऑल-टेरेन टायर (कच्च्या रस्त्यावरही पकड घेणारे), इंजिनाखालची स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) आणि गाडी ओढून काढायचा भक्कम हूक यांवर घाला. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासत नाही ना, तेवढं मात्र तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे आला असेल तिथे हा खुलासा टाका.